कृतीतून गणित-विज्ञान: शिक्षक प्रशिक्षणात या चुका टाळा

प्रशिक्षणात प्रयोग छान झाला, सगळ्यांनी फोटो काढले आणि शाळेत गेल्यावर तोच प्रयोग वर्गात फसला. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही तालुक्यातल्या शिक्षकांना विचारा, ही तक्रार ऐकायला मिळते. माझ्या मते कारण सरळ आहे. साधनव्यक्ती, म्हणजे प्रशिक्षण देणारे, घरून चार वेळा करून पाहिलेला प्रयोग दाखवतात आणि शिक्षकांच्या हातून तो फसायला वावच ठेवत नाहीत. प्रयोग का फसला हे शोधणं हेच तर प्रशिक्षणातलं खरं काम आहे.

एका टेबलावर दहा जण

हात दोघांचे चालतात, बाकीचे वहीत उतरवून घेतात. चौघांचा गट आणि प्रत्येक गटाला वेगळं साहित्य, यापेक्षा मोठा गट करूच नका. साहित्य कमी असेल तर प्रयोगांची संख्या कमी करा. दिवसभरात दोन प्रयोग झाले तरी चालतील, पण ते प्रत्येकाच्या हातून व्हायला हवेत.

मेणबत्ती आणि चुकीचं स्पष्टीकरण

बशीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वरून उपडा ग्लास. ज्योत विझते, पाणी वर चढतं. लगेच फळ्यावर लिहिलं जातं: ‘ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, हवेत ऑक्सिजन एक पंचमांश असतो हे सिद्ध झालं.’ हे चूक आहे, आणि वर्षानुवर्षं शिकवलं जात असल्यामुळे मला ते फार खटकतं.

नीट बघा. ज्योत जळत असताना पाणी फारसं हलत नाही, विझता विझता एकदम चढतं. ग्लास ठेवताना त्यातली हवा तापून फुगलेली असते, काही बाहेर गेलेली असते, कधी काठाशी बुडबुडेही दिसतात. ज्योत विझल्यावर आतली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. खात्री हवी असेल तर त्याच ग्लासाखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. पाणी जास्त चढेल. ग्लासातला ऑक्सिजन तर तेवढाच होता! हा प्रश्न शिक्षकांसमोर ठेवा आणि दहा मिनिटं गप्प बसा. (पंखा मात्र बंद ठेवावा लागेल. जूनच्या उकाड्यात कुणी तयार होत नाही, पण इलाज नाही.)

ऋतू न पाहता आखलेलं वेळापत्रक

केसांवर घासलेल्या कंगव्याने कागदाचे कपटे उचलायचा प्रयोग जुलैत ठेवला की तो हमखास रुसतो. दमट हवेत विद्युतभार टिकत नाही. तो डिसेंबर-जानेवारीत घ्या, केस कोरडे आणि बिनतेलाचे हवेत.

सावलीच्या प्रयोगात चूक घड्याळाची होते. ‘बारा वाजता सर्वात लहान सावली’ असं सांगतात. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची. जळगाव साधारण ७५.५ अंशांवर आहे आणि एका अंशाला ४ मिनिटं, म्हणून इथला सूर्य सरासरी २८ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. वर्षभरात ही वेळ पुढेमागे सरकते, नंदुरबारला आणखी थोडी उशिरा. बारा ते एक दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा, कळेल. शून्य सावलीचा दिवस (भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होते तो) आपल्याकडे मेअखेर आणि जुलैच्या मध्यास येतो. पहिल्या वेळी सुट्टी, दुसऱ्या वेळी ढग.

आयोडीन सगळीकडे काळंच दिसतं

पदार्थात पिष्ट (स्टार्च) आहे का हे पाहायला आयोडीन टाकतात, पिष्ट असेल तर निळा-काळा रंग येतो. सगळीकडे काळं दिसतं ते थेट बाटलीतलं टाकल्यामुळे. पाणी घालून चहाच्या रंगाइतकं फिकं करा. गरम भातावर टाकलं तर निळा रंग येतच नाही, भात गार होऊ द्या. रावेर-यावलकडे तर कच्चं आणि पिकलेलं केळं शेजारी शेजारी ठेवून बघायला हवं. कच्च्यावर गडद निळा-काळा रंग येतो, पिकल्यावर फिका, कारण पिकताना पिष्टाची साखर होते.

एलईडी पेटत नसेल तर आधी सेल मोजा. पांढरा एलईडी १.५ व्होल्टच्या एका सेलवर पेटत नाही. दोन सेल जोडा, लांब पाय धन टोकाकडे.

गणितात उत्तर जुळवून घेणं

बांगडीचा परीघ दोऱ्याने मोजून व्यासाने भागायचा. गटाचं उत्तर ३.४५ आलं की खोडरबर बाहेर येतं आणि वहीत ३.१४ बसतं. हे करू नका, करू देऊ नका. दोरा बाहेरून गुंडाळला आणि व्यास आतून मोजला असेल तर असंच होतं. बाहेरचा व्यास ६.६ सेंमी असलेल्या बांगडीचा परीघ सुमारे २०.७ येतो. त्याला आतल्या ६ सेंमीने भागलं की ३.४५. ही चूक गटाला स्वतः सापडली की परीघ आणि व्यास हे एकाच वर्तुळाचे असावे लागतात हे पुन्हा सांगावं लागत नाही.

दशकाचे गठ्ठे डिंकाने चिकटवून देतात, तेही चुकीचं. ३२ मधून १७ वजा करताना गठ्ठा सोडून दहा सुट्या काड्या हातात आल्या पाहिजेत. ‘हातचा’ म्हणजे काय हे तिथेच कळतं. काड्यांना रबर लावा.

मुलांची भाषा बाहेर ठेवणं

१९७० च्या दशकात होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने रावेर तालुक्यातल्या खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांमध्ये काम केलं. पुस्तकाची अवघड भाषा हा मुलांच्या वाटेतला मोठा अडसर आहे, हे त्या कामातून पुढे आलं. प्रशिक्षणात याचा सराव व्हावा. काय होईल याचा अंदाज मुलांना अहिराणीत, भिलीत, पावरीत सांगू द्या. ‘पानी वर काब्र चढनं?’ हा प्रश्न पूर्ण शास्त्रीय आहे. पारिभाषिक शब्द प्रयोग झाल्यावर द्या.

प्रशिक्षण संपलं की विषय संपला

आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं, त्याच्या शिक्षण परिषदेत अर्धा तास वर्गात फसलेल्या प्रयोगांसाठी राखून ठेवा. केंद्रप्रमुखांना तसं आधीच सांगा. शिक्षकांनी अहवाल न आणता साहित्य आणावं: तोच सेल, तीच बांगडी, तीच आयोडीनची बाटली. दोष बहुतेक वेळा त्यातच सापडतो.