गाडीचा अल्टरनेटर: आधी तपासणी, मगच बदल

सकाळी ऑफिसला निघताना गाडी सुरू झाली नाही की बहुतेक जण बॅटरीला दोष देतात, नवी बॅटरी बसवतात आणि काही दिवसांत तीही उतरली की मग अल्टरनेटरकडे, म्हणजे इंजिनाच्या जोरावर वीज तयार करून बॅटरी भरणाऱ्या यंत्राकडे, लक्ष जाते. उलटही घडते: अल्टरनेटर फिरवणारा पट्टा सैल किंवा टर्मिनल गंजलेले एवढाच दोष असताना चांगला अल्टरनेटर काढून टाकला जातो. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी साधा डिजिटल मल्टिमीटर हातात घ्यावा.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर टोके टेकवावीत. १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२ च्या खाली आला तर ती आधी चार्जरवर लावावी, कारण उतरलेल्या बॅटरीवर पुढची तपासणी फसवी ठरते. आता इंजिन सुरू करावे. १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर काम करतो आहे. मग हेडलाइट, एसीचा पंखा आणि मागच्या काचेचा हीटर एकदम चालू करून इंजिनाचा वेग किंचित वाढवावा. एवढा भार घेऊनही आकडा १३ च्या वर टिकला पाहिजे. इंजिन सुरू असूनही १२.५ च्या आसपासच राहिला तर चार्जिंग होत नाही, आणि १५ च्या वर सरकला तर रेग्युलेटर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) बिघडला आहे. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत चार्जिंगवर ईसीयूचे, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचे, नियंत्रण असते व व्होल्टेज मुद्दाम खालीवर होते, तेव्हा केवळ एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘गाडी बंद पडते का’ हे पाहण्याची जुनी युक्ती अजूनही काही ठिकाणी वापरली जाते. ती अजिबात करू नये. बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेजचा झटका बसतो आणि त्यात अल्टरनेटरचे डायोडच नव्हे, तर ईसीयूही जाऊ शकतो.

चार्जिंग कमी आढळले तरी आधी पट्टा पाहावा. टॉर्चच्या उजेडात त्याच्या खाचांतल्या आडव्या भेगा, घासून आलेली चकाकी, तेलाचे डाग हे सारे दिसते, आणि पहिल्या पावसात गाडी सुरू करताना होणारी चिरचिर बहुधा त्याचीच असते. त्यानंतर बॅटरीच्या टर्मिनलांवरचा पांढरा-हिरवा थर गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने साफ करावा आणि इंजिनाची अर्थ वायर (इंजिन बॉडीला जोडणारी) घट्ट आहे का ते बघावे. घरघर ऐकू येत असेल तर बेअरिंगचा संशय घ्यावा. कार्बन (अल्टरनेटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश) झिजले असतील तर चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन तेवढेच बदलून देतो, आणि माझ्या मते बेअरिंग, कार्बन किंवा रेग्युलेटरपुरता दोष असेल तर दुरुस्तीच करून घ्यावी.

देखभाल म्हणावी तर फार नाही. पुण्याच्या रहदारीत गाडी बराच वेळ आयडलवर असते. त्या वेगाला अल्टरनेटर पूर्ण क्षमतेने वीज देत नाही, आणि पावसात वायपर, दिवे, एसी एकदम चालतात. त्यामुळे रोज चार-पाच किलोमीटरच फिरणारी गाडी आठवड्यातून एकदा तरी मोकळ्या रस्त्यावर न्यावी. सर्व्हिसिंगला धुताना पाण्याचा जोरदार फवारा थेट अल्टरनेटरवर मारू देऊ नये.

बदलायचाच ठरला तर नाना पेठेत सुटे भाग मिळतात. मात्र जुना अल्टरनेटर काढून सोबत नेलेला बरा. अँपिअरचा आकडा, पुलीवरच्या खाचांची संख्या, कनेक्टरचा आकार आणि बोल्टच्या भोकांमधले अंतर या चारही गोष्टी समोरासमोर ठेवून जुळवाव्यात.

काढताना इंजिन पूर्ण थंड असू द्यावे. सर्वप्रथम बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बाजूला बांधावी, कारण अल्टरनेटरच्या जाड वायरीत गाडी बंद असतानाही थेट बॅटरीचा प्रवाह असतो आणि पाना चुकून बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. पट्टा कोणत्या पुलीवरून कसा जातो याचा मोबाइलवर फोटो घ्यावा. मग टेन्शनर (पट्टा ताणून धरणारा भाग) पान्याने फिरवून पट्टा उतरवावा आणि तो नाही तोवर आयडलर (पट्ट्याला केवळ वळण देणारी पुली) व टेन्शनरच्या पुल्या हाताने फिरवून पाहाव्यात; त्या खरखरत असतील तर याच वेळी बदलणे शहाणपणाचे. नंतर कनेक्टरची कुलूप-पट्टी दाबून तो सोडवावा, रबरी टोपीखालचा नट काढून जाड वायर सोडवावी आणि शेवटी माउंटिंगचे बोल्ट काढावेत. त्यांची लांबी बहुधा वेगवेगळी असते, म्हणून कोणता कुठला ते लक्षात ठेवावे.

बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने लावून मगच आवळावेत. जाड वायरीचा नट सैल राहिला तर तो तापतो आणि वायर जळते, म्हणून तिथे घाई करू नये. पट्ट्याची प्रत्येक खाच पुलीत बसल्याची खात्री करून निगेटिव्ह वायर सर्वांत शेवटी जोडावी. बॅटरी उतरलेली असेल तर ती आधी चार्जरवर भरावी. रिकामी बॅटरी भरण्याचे काम नव्या अल्टरनेटरवर टाकले तर तो अकारण तापतो. मग पुन्हा मल्टिमीटर लावून वरचीच तपासणी करावी.

मारुतीच्या स्मार्ट हायब्रिडसारख्या गाड्यांत स्टार्टर आणि जनरेटर एकाच यंत्रात असतात. त्यांचे काम आणि अल्टरनेटर इंजिनाच्या मागे, खालून काढावा लागणाऱ्या गाड्यांचेही काम वर्कशॉपवरच सोपवावे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये.