गटाची गोधडी शिवायला घेण्याआधी

ग्रामसंघाने, म्हणजे गावातल्या बायांच्या बचतगटांच्या संघाने, यंदाही प्रत्येक गटाला मीटरभर एकसारखं लाल कापड वाटलं आहे. ते वरच्या बाजूला दिसेल अशी गोधडी शिवायची, माप 6 फूट बाय 4 फूट, आणि दिवाळीआधी सगळ्या गोधड्या मेळघाटातल्या आश्रमशाळेच्या वसतिगृहात पोचवायच्या. ज्या बायांनी अजून कात्री हातात घेतली नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. घेतली असेल तर खाली ठेवा आणि ते लाल कापड आधी भिजवा.

सुई-दोरा-कात्री सांगायची गरज नाही. अंगुस्तान, म्हणजे बोटात घालायची टोपी, मात्र विसरू नका, पाच थरांतून सुई ढकलायची आहे. दोरा सुती आणि जाड घ्या. नायलॉनचा दोरा तुटत नाही म्हणून काही जणी तोच आणतात, पण तो जुन्या कापडाला हळूहळू कापत जातो आणि टाक्याच्या रेघेवर गोधडी फाटते.

जुन्या साड्या सुतीच हव्यात. टेरिकॉट, पॉलिस्टर घरात कितीही पडून असलं तरी इथे नको. थंडीत ही पोरं गोधडी अंगावर घेऊनच शेकोटीजवळ बसणार. सूत ठिणगीने जळतं, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. शंका असली तर धागा काढून काडीने पेटवा: कागदासारखा जळून राख झाली तर सूत, कडक मणी झाला तर बाजूला टाका. साडीचा फॉल उसवून काढा, तो बरेचदा सुती नसतो. जरही काढा, टोचते. मग साडी उजेडात धरून दोन्ही हातांनी ताणून बघा. जिथे विरली असेल तो भाग आत जाऊ द्या, वर घेऊ नका.

माप सोपं आहे. साडेपाच मीटरच्या साडीच्या तीन घड्या केल्या की लांबी बरोबर 6 फूट येते, आणि पन्हा 4 फुटांना जरासा कमी पडतो. तेवढी पट्टी जोडायची, आणि शिवताना-धुताना आक्रसेल तेवढं लांबी-रुंदीला वाढवून. म्हणजे एका साडीत तीन थर. अस्तर आणि वरचा थर धरून पाच. त्याहून जास्त घालू नका. पोरं आपापली गोधडी स्वतः धुतात, आणि जड गोधडी ओली झाली की त्यांना उचलत नाही, वाळतही नाही.

आता भिजवण्याचं. आपल्या जुन्या साड्या वर्षानुवर्षं धुतलेल्या आहेत. त्यांना जेवढं आटायचं होतं तेवढं त्या आटून गेल्या. नवं सुती कापड मात्र पहिल्या धुण्यात शंभरात तीन ते पाच भाग आटतं. एक वीतभर चौकोनातून जवळजवळ एक सेंटिमीटर जातो. तो चौकोन जुन्या साडीवर टाक्यांनी पक्का बसवलेला असेल तर आटताना बाजूचं सगळं कापड ओढून घेतो, चुण्या पडतात, टाके तटातट सुटतात. वर लाल रंग सुटतो तो वेगळाच. गेल्या खेपेला माझ्याकडून नेमकं हेच राहिलं, आणि पांढऱ्या धोतराचा अख्खा पट्टा गुलाबी होऊन सुरकुतला. ती गोधडी पाठवता आली नाही. एका पोराच्या अंगावरचं पांघरूण कमी झालं, म्हणून मी हे पुन्हा पुन्हा सांगणार.

तर कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला. सकाळी साबणाने धुवा म्हणजे खळ निघेल. पुन्हा स्वच्छ पाण्यात बुडवा आणि पाण्याचा रंग बघा. ओलं असतानाच त्यावर पांढरी चिंधी ठेवून गरम इस्त्री दाबा. चिंधीवर डाग आला तर परत धुवा. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मीठ घातलं की रंग बसतो असं सगळ्या सांगतात; त्या भरवशावर राहू नका, जास्तीचा रंग धुऊनच निघतो. चार-पाच धुण्यांनंतरही डाग येत असेल तर ग्रामसंघाकडून कापड बदलून मागा. वाळल्यावर इस्त्री करा, आणि मग मोजा, मग कापा. कापून मग भिजवलं तर कडा उसवतात आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या मापाचा होतो. अस्तराला नवी मांजरपाट आणली असेल तर तीसुद्धा भिजवा. काठाच्या पट्टीचं कापड नवं असेल तर तेही. दुकानातून आलेलं काहीही कोरडं शिवायचं नाही.

हे सगळं मे महिन्यातच उरका. आपल्याकडचं ऊन तासाभरात कापड कडक वाळवतं. मृग लागला की वावरातली कामं सुरू, कापड दोन दिवस दमट राहतं आणि कुबट वास धरतं. दिवाळीच्या तोंडाशी कापूस वेचणी आली की सुई धरायला कोणालाच वेळ नसतो.

घरात कापूस आहे म्हणून तो भरावा असंही काहींच्या मनात येतं. सरकीसकट तर मुळीच नाही. जिनिंगमधून काढून, पिंजून आणलेली रुईसुद्धा फार जवळ-जवळ टाके घातल्याशिवाय धुण्यात गोळा होते. साड्यांचे थरच बरे. पण पाचही थर हवेत, कारण मेळघाटातली थंडी वेगळी आहे. 29 डिसेंबर 2018 ला सपाटीवरच्या नागपुरातसुद्धा पारा 3.5 अंशांवर उतरला होता, आणि मेळघाटातला चिखलदरा तर 1,100 मीटरच्या आसपास उंचीवर आहे.

थर अंथरायला सारवलेलं अंगण नको, माती लागते. शाळेची किंवा समाजमंदिराची फरशी मागून घ्या. अस्तर सगळ्या बाजूंनी चार बोटं मोठं ठेवा, चारही कोपऱ्यांवर जड काहीतरी ठेवून ताणा. समोरासमोर दोघी-दोघी बसून आधी कच्चे टाके घाला, मधून कडेकडे. लाल कापड वर ठेवण्याआधी एकमेकींना विचारा, भिजवलं का? मग धावदोरा, म्हणजे सुई वर-खाली करत सरळ ओळीत घातलेले टाके, ओळींत दोन बोटांचं अंतर.

सुया आणि टाचण्या सुरुवातीला मोजा, उठताना मोजा. एक कमी असली तर सापडेपर्यंत कोणी घरी जायचं नाही. लेकराच्या अंगाखाली जाणार आहे.

काठ दुमडून घट्ट शिवा, कच्चे टाके काढा, एकदा धुऊन कडक वाळवा. शिवण्याने आणि धुण्याने गोधडी थोडी आक्रसते, म्हणून सुरुवातीलाच दोन्हीकडून तीन-चार बोटं जास्त धरा. कोपऱ्यात गटाचं नाव दोऱ्याने. डांबराच्या गोळ्या टाकू नका, वाळलेला कडुनिंबाचा पाला पुरे. प्लास्टिकमध्ये बांधू नका, जुन्या चादरीत गाठोडं करा.