परदेशातल्या पीआरच्या (कायम वास्तव्याच्या) फायलीत या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडच्या घरांत ‘आमच्या पोराचे सदुसष्ट झाले’ हे वाक्य अलीकडे दहावीच्या निकालासारखे सांगितले जाते, आणि पहिली चूक तिथेच होते. कुशल नोकरदारांसाठीच्या कॅनडाच्या फेडरल स्किल्ड वर्कर कार्यक्रमात भाषा, शिक्षण, अनुभव, वय यांसह सहा निकषांवर १०० पैकी ६७ गुण लागतात हे खरे. पण ते गुण एक्स्प्रेस एंट्री या तिथल्या ऑनलाइन निवडपद्धतीच्या यादीत नाव घालण्यापुरतेच असतात. यादीत गेल्यावर प्रत्येकाचे १,२०० गुणांच्या निराळ्या तक्त्यावर मानांकन होते आणि अर्ज करण्याची निमंत्रणे त्या क्रमाने निघतात. ऑस्ट्रेलियाच्या ६५ गुणांची कथाही तीच: ती किमान पात्रता आहे, आणि तिथल्या स्किलसिलेक्ट या ऑनलाइन यंत्रणेत केलेली नोंद ही इच्छा कळवणे आहे, अर्ज नव्हे.

नोंद करताना बहुतेक माहिती आपण स्वतःच्या शब्दावर भरतो, त्यामुळे ते काम सोपे वाटते. निमंत्रण आल्यावर मात्र संपूर्ण अर्ज ६० दिवसांत द्यावा लागतो, आणि तेव्हा प्रत्येक गुणामागे कागद मागितला जातो. आपल्याकडच्या फायली अडतात त्या बहुधा याच टप्प्यावर, कारण कागद एकमेकांशी बोलत नाहीत.

सर्वांत जास्त घोळ नावाचा असतो. गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आईचे. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. नोकरीच्या पत्रावर नुसती आद्याक्षरे. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत तर पदवीवर माहेरचे नाव आणि आधारवर लग्नात तांदळाच्या ताटात लिहिले गेलेले नवे नाव, म्हणजे कागदोपत्री दोन वेगळ्या बायका. परदेशातल्या अधिकाऱ्याला ही रीत ठाऊक असेल असे गृहीत धरू नये. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, नाव बदलले असल्यास राजपत्रातील प्रसिद्धी, आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र हे सारे भाषेच्या परीक्षेला नाव नोंदवण्याआधीच हाताशी ठेवावे, कारण त्या परीक्षेचा निकाल पासपोर्टवरील नावानेच निघतो.

दुसरा मोठा खड्डा अनुभवाच्या पत्राचा. आमच्याकडच्या एका औद्योगिक वसाहतीतील कारखान्याचे पत्र एका तरुणाने मला दाखवले होते: सुंदर लेटरहेड, ठसठशीत शिक्का, आणि मजकूर एवढाच की सदर इसम प्रामाणिक व कष्टाळू असून त्यांच्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा. सहा वर्षांची नोकरी, पण त्या कागदावर एकाही गुणाचा आधार नव्हता. पत्रात पद, रुजू होण्याची व सोडण्याची तारीख, आठवड्याचे तास, वार्षिक वेतन, प्रत्यक्ष केलेली कामे आणि सही करणाऱ्याचा हुद्दा व संपर्क असला पाहिजे. कामांची यादी त्या देशाच्या सरकारी व्यवसाय-संहितेतून (प्रत्येक व्यवसायाला क्रमांक देणाऱ्या यादीतून) जशीच्या तशी उतरवली तर संशय वाढतो; ऑस्ट्रेलियासाठी इंजिनिअर मंडळी जे कामाचे अहवाल लिहितात, त्यांतही नक्कल आढळली की प्रकरण बिघडते. संहितेतला क्रमांकही व्हिजिटिंग कार्डावरच्या पदनामावरून निवडू नये, केलेल्या कामावरून निवडावा. मालक पत्र द्यायला तयार नसेल किंवा कारखानाच बंद पडला असेल, तर वेतनपावत्या, फॉर्म १६, भविष्य निर्वाह निधीचे पासबुक आणि सहकाऱ्याचे प्रतिज्ञापत्र जोडून कारण लेखी सांगावे. पगार रोखीने घेतलेल्यांची इथे खरी पंचाईत होते, आणि त्यावर सोपा तोडगा नाही.

पैशाच्या पुराव्यात आपल्या भागाची एक खास अडचण आहे. रावेर-यावलकडे केळीचे किंवा धुळ्याकडे कापसाचे पैसे वर्षातून एकदोनदाच खात्यात येतात, तर कॅनडाच्या तपासणीत गेल्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक पाहिली जाते. अर्जाच्या आदल्या आठवड्यात अचानक जमा झालेली मोठी रक्कम उसनी आणल्यासारखी दिसते, आणि उसनी रक्कम चालतच नाही. शेत, घर यांची किंमत कितीही असली तरी ती या हिशेबात धरली जात नाही. म्हणून बाजार समितीची हिशेबपट्टी, जमीन विकली असल्यास खरेदीखत, वडिलांनी पैसे दिले असल्यास बक्षीसपत्र जोडावे, आणि रक्कम शक्य तितक्या लवकर खात्यात स्थिर करावी. लागणारी रक्कम कुटुंबातील माणसांवर ठरते. पत्नी व मुले सध्या सोबत जाणार नसली तरी ती मोजली जातात. त्यांची नावे लपवल्यास पुढे त्यांना बोलावून घेण्याचा मार्गही बंद होऊ शकतो.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत चुकून अॅकॅडमिक प्रकार देणारे अजूनही भेटतात. एक्स्प्रेस एंट्रीला तिचा जनरल ट्रेनिंग प्रकारच लागतो आणि निकाल दोन वर्षेच चालतो. चारही भागांत ६ मिळवणाऱ्या अविवाहित उमेदवाराला मानांकनात भाषेचे ६८ गुण मिळतात. ऐकण्यात ८ आणि उरलेल्या तिन्हींत ७ मिळाले की तेच १२४ होतात. वयाचे गुण तिशीपासून दरवर्षी घटतात, तेव्हा पुन्हा परीक्षा द्यायची असेल तर ती वाढदिवसाआधी द्यावी.

आपली पदवी तिथल्या कोणत्या पदवीच्या तोडीची हे ठरवणाऱ्या मूल्यांकनासाठी ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सर्व वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा, कॉलेजातून नव्हे, पदवी देणाऱ्या विद्यापीठाकडून मागवावे लागते. खानदेशातील पदवी म्हणजे जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, असे धरून चालू नये. इथल्या काही अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या अलीकडच्या तुकड्यांची पदवी रायगड जिल्ह्यातील लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची आहे. पदवी हातात घेऊन नाव वाचावे, मगच फेऱ्या माराव्यात.

यादीत नाव असताना लग्न झाले तर माहिती लगेच बदलावी लागते, आणि गुण पुन्हा मोजले जातात. निमंत्रणानंतर उरकलेले लग्न न कळवणे ही क्षुल्लक बाब समजू नये. खोटी किंवा लपवलेली माहिती उघड झाल्यास कॅनडात पाच वर्षांची बंदी येते.

शेवटी एजंट. ‘जॉब ऑफर आणून देतो, गुण वाढतील’ असे सांगून लाखो रुपये मागणारे अजून फिरत आहेत. वास्तविक कॅनडाने मानांकनातले नोकरीच्या प्रस्तावाचे गुण २५ मार्च २०२५ पासून काढून टाकले आहेत. पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याचे नाव त्या देशाच्या अधिकृत नोंदवहीत आहे का, हे मोबाइलवर पाच मिनिटांत तपासता येते. काही जण स्वतःच्याच ईमेलवर खाते उघडून उमेदवाराला आत डोकावूही देत नाहीत. सही तुमची आणि बंदीही तुमच्यावरच येणार असल्यामुळे, भरलेल्या अर्जाची संपूर्ण प्रत मागून घ्यावी आणि तारीख, तास, पद हे मूळ कागदांशी स्वतः ताडून पाहिल्याशिवाय तो पुढे पाठवू देऊ नये.