वायफायवर कोण कोण बसलंय ते शोधताय? या चुका टाळा

नेट स्लो झालं की शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये पहिला संशय माणसांवरच जातो. आम्ही कर्वेनगरला पाच जण एकाच कनेक्शनवर होतो, एका रात्री वैतागून राउटरचं पेज उघडलं तर यादीत १९ नावं, त्यात एक 'एस्प्रेसिफ', म्हटलं हा कोण बाबा, नक्की वरच्या मजल्यावरचं कोणीतरी फुकट ओढतंय, आणि मी सरळ वर जाऊन बेल वाजवली. दुसऱ्या दिवशी कळलं तो आमच्याच गिझरचा स्मार्ट प्लग होता. वरच्या काकूंनी त्या वर्षी गणपतीचा प्रसाद आम्हाला हातात दिलाच नाही, दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवून गेल्या.

तर नाव वाचून कोणावर आळ घेऊ नका. राउटरला डिव्हाइसने स्वतःचं नाव सांगितलं नसेल तर तो बरेचदा नुसतं वायफाय चिप बनवणाऱ्या कंपनीचं नाव दाखवतो. मॅक अॅड्रेस म्हणजे प्रत्येक डिव्हाइसचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक, तो १२ अंक-अक्षरांचा असतो, त्यातली पहिली ६ कंपनीची, आणि एस्प्रेसिफ ही शांघायची कंपनी, तिच्या चिपा स्वस्तातल्या बल्बात, प्लगात सर्रास असतात. आधी घरातलं मोजा, फोन, लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा, सगळं कागदावर लिहा आणि मग यादी उघडा, उलटं करू नका.

दुसरी चूक सगळेच करतात, डीएचसीपीची यादी, म्हणजे राउटरने कोणाला आयपी पत्ता दिला त्याची नोंद, हाच हजेरीपट समजतात. राउटर प्रत्येक डिव्हाइसला हा पत्ता ठराविक वेळेपुरता देतो, बऱ्याच राउटरवर ती मुदत २४ तासांची असते, म्हणजे काल रात्री मॅच बघायला आलेला मित्र घरी जाऊन झोपला तरी यादीत तो आहेच. आणि ज्याने पत्ता हाताने टाकलाय तो समोर बसून डाउनलोड करत असला तरी या यादीत दिसेलच असं नाही. आत्ता कोण जोडलंय ते बघायचं असेल तर वायरलेसच्या भागात वेगळं पान असतं, वायरलेस क्लायंट किंवा असोसिएटेड डिव्हाइस असं काहीतरी लिहिलेलं, ते उघडा.

फोनची गंमत अजून वेगळी. अँड्रॉइड १० पासून (२०१९) आणि आयफोनवर आयओएस १४ पासून (२०२०) फोन खरा मॅक लपवून बनावट वापरतो, तोही प्रत्येक नेटवर्कच्या नावाला वेगळा, त्यामुळे राउटरच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन वायफाय पट्ट्यांना वेगवेगळी नावं ठेवली असतील तर एकच फोन दोनदा दिसू शकतो. ओळखायची खूण सोपी आहे, मॅकचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुतेक बनावट. मग फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जाऊन तिथला मॅक यादीशी ताडून बघा, एकेकाचा फोन हातात घेऊनच हे करावं लागतं, शॉर्टकट नाही.

राउटरचं पेजच उघडत नाहीये? १९२.१६८.१.१ हा त्याचा नेहमीचा पत्ता सगळीकडे चालत नाही. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग टाका आणि डिफॉल्ट गेटवे बघा, तोच राउटरचा पत्ता, आयफोनवर नेटवर्कच्या नावापुढचं 'i' चं चिन्ह दाबलं की 'राउटर' म्हणून दिसतो. पेजचा पासवर्ड बरेचदा राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो. आणि प्लीज, पासवर्ड आठवत नाही म्हणून टाचणी घालून रिसेट दाबू नका! त्यात ब्रॉडबँडवाल्याने भरलेला पीपीपीओईचा (कंपनीच्या नेटला लॉगिन करायचा) युजरनेम-पासवर्डपण उडू शकतो आणि मग अख्खा फ्लॅट त्याच्या माणसाची वाट बघत बसतो.

नेटवर्कवरची डिव्हाइसं शोधणारं फिंगसारखं अॅप लावून स्कॅन करणार असाल तर व्हीपीएन बंद ठेवा, आयफोनवर लोकल नेटवर्कची परवानगी द्या, आणि एका स्कॅनवर विसंबू नका कारण झोपलेला फोन उत्तर देतोच असं नाही. गेस्ट नेटवर्कवरून (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवरून) स्कॅन केलं तर बरेचदा तुम्ही आणि राउटर एवढेच दिसाल, त्यावरून 'कोणीच नाही' म्हणू नका. कोणी आपल्या खोलीत स्वतःचा राउटर लावला असेल तर त्यामागची सगळी वरात तुमच्या यादीत बहुतेक एकच ओळ म्हणून दिसते.

खरंच परका सापडला तर नुसता मॅक ब्लॉक करून उपयोग नाही, बनावट मॅक बदलून तो परत येतो. वायफायचा पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने, पासवर्डशिवाय जोडायची सोय) बंद करा, राउटरच्या अॅडमिनचा पासवर्डपण बदला. मग एकेकाला जोडा आणि जोडताना नाव लिहून ठेवा. नवा पासवर्ड क्यूआर कोडने देताना सांभाळून, बऱ्याच अँड्रॉइडवर कोडच्या खाली पासवर्ड उघडा लिहिलेला असतो, कोणी स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला की झालं.

आमची १९ ची यादी शेवटी १२ वर आली, पाच फोन, चार लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर आणि तो प्लग. परका एकही नाही. नेट स्लो होत होतं कारण एकाचा लॅपटॉप रोज रात्री क्लाउडवर बॅकअप चढवत होता, आणि ते यादीत कुठेच दिसत नव्हतं, कारण यादी कोण आहे ते सांगते, कोण किती ओढतंय ते बघायला ट्रॅफिकचं पान वेगळं असतं आणि आमच्या राउटरला ते नव्हतंच.