जुन्या गाडीच्या टाकीत बाटली ओतण्याआधी या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात वडिलांची प्रीमियर पद्मिनी घेऊन जळगावहून कन्नडला निघालो होतो. निघताना टाकीत इंधन सफाईची एक बाटली ओतली. लांबचा पल्ला आहे, कार्बोरेटर साफ होईल, असा हिशोब. चाळीसगाव मागे पडलं, औट्रम घाट लागला आणि चढावर गाडी धक्के खाऊ लागली. पेडल दाबलं तर मरायची, सोडलं तर धडधडायची. कशीबशी खाली उतरवली. मेकॅनिक आप्पांनी कार्बोरेटरचा फ्लोट चेंबर, म्हणजे पेट्रोल साठतं ती वाटी, उघडला, तर तळाला तांबडा गाळ आणि मेन जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारं बारीक भोक, बंद. ते एवढंच म्हणाले, "दवाई पाजीसन इंजन बरं नही व्हत, भाऊ. पहिले टाकी धुवा."

बाटलीने तिचं काम चोख केलं होतं. टाकीच्या पत्र्याला वर्षानुवर्षं चिकटलेला गंज आणि जुन्या पेट्रोलचा राळेसारखा थर तिने सोडवला आणि तो सगळा पुढे पाठवला. नव्या गाडीत ही सफाई चालून जाते, जुन्या टाकीत नाही. आधी टाकी उतरवून धुवा, फिल्टर बदला, कार्बोरेटर खोलून जेट हवेने फुंका. एवढं केल्यावर सफाईच्या बाटलीची गरज क्वचितच उरते.

सध्या खरा प्रश्न इथेनॉलचा आहे. २०२५ पासून पंपावर सर्रास २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं आणि आपल्या गाड्या त्यासाठी बनलेल्याच नाहीत. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की ते इथेनॉलला सोबत घेऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिनला पेट्रोल जातं ते तळातूनच. जुनं रबर फुगतं, मऊ पडतं. एसी पंपाचा, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा, पडदा आणि पेट्रोलचे पाइप आधी जातात. कार्बोरेटरच्या जस्तमिश्रित ओतीव भागावर पांढरी भुकटी धरते.

गंजरोधक असलेलं इथेनॉल-संरक्षक इथे खरंच उपयोगी पडतं. धातू वाचतो, विशेषतः गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तेव्हा. पण ते रबर वाचवत नाही. पाइप, पंपाचा पडदा आणि नीडल व्हॉल्व्हची (कार्बोरेटरात येणारं पेट्रोल अडवणाऱ्या सुईची) टोकं इथेनॉलला टिकणारीच बसवावी लागतात. पाइपसाठी व्हायटॉन या टिकाऊ रबराचं अस्तर असलेला मागा. दुकानदार 'पेट्रोलचाच आहे' म्हणाला म्हणून भागत नाही. आणि तळाला पाणी बसलंच असेल तर बाटली ओतत बसू नका, टाकी रिकामी करा.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हे घरी पाहता येतं. मापाच्या काचेच्या नळीत २० मिली पाणी आणि १०० मिली पेट्रोल घ्या, हलवा, ठेवून द्या. खालचा थर ४० मिलीच्या आसपास गेला, तर २० टक्के इथेनॉल आहे. हे उघड्यावर करा, जवळ विडी-काडी नको.

इथेनॉलमुळे मिश्रण पातळही होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, कारण त्याला जळायला हवा कमी लागते आणि आपले जेट साध्या पेट्रोलच्या हिशोबाने पाडलेले आहेत. स्पार्क प्लग काढून पाहा. टोक पांढरं फटक असेल तर जेट किंचित मोठा लागेल. बिस्किटी रंग असेल तर हात लावू नका. कोणतीही बाटली जेटचं भोक मोठं करत नाही.

मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांवर जातो. फाटकाशी थांबलेली गाडी बंद पडते आणि गार होईपर्यंत उठत नाही. लोक समजतात पेट्रोल खराब आहे. ते पंपात आणि पाइपात उकळून वाफ झालेलं असतं. ओला फडका पंपावर टाकून घरी पोचता येतं. कायमचा इलाज म्हणजे पंपाखालचा बेकलाइटचा स्पेसर (इंजिनची उष्णता अडवणारी जाड चकती) जागेवर आहे का बघणं, पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून दूर घेणं आणि रेडिएटर साफ करणं.

शिशाच्या पर्यायाची बाटली सगळ्यांनाच विकली जाते. फेब्रुवारी २००० पासून देशात शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं. त्या शिशाचा थर व्हॉल्व्हच्या बैठकीवर, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या कडेवर, गादीसारखा काम करायचा. अॅम्बेसेडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनात हेड (इंजिनचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) बिडाचं, बैठका त्यातच कापलेल्या. अशी गाडी धुळ्याजवळच्या लळिंगच्या चढावर भरून, जोरात हाकत असाल तर या बाटलीला अर्थ आहे. पद्मिनीचं हेड अॅल्युमिनियमचं, त्यात बैठकांच्या कड्या वेगळ्या बसवलेल्या, म्हणून तिला ही काळजी फारशी नाही. ओळखायचं कसं? टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट, मोजून वहीत लिहा. बसवलेला गॅप पुन्हापुन्हा कमी होत असेल तर व्हॉल्व्ह आत रुतत चालला आहे. हेड उघडेल तेव्हा कठीण पोलादाच्या बैठका बसवून घ्या, मग बाटली कायमची सुटते.

ऑक्टेन बूस्टर घेऊच नका. या इंजिनांचं कॉम्प्रेशन कमी आहे, पंपावरच्या साध्या पेट्रोलचं ऑक्टेन, म्हणजे ठोका न देता जळण्याची क्षमता, त्यांना पुरून उरतं. ठोका येत असेल तर ठिणगीचं टायमिंग पुढे गेलंय किंवा आत कार्बन साचलाय. डांबरगोळ्या आणि कापूर टाकण्याचा जुना नुस्खाही सोडा. टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक स्कूटरचं तेल) ओतलं तर प्लग तेलकट होतील. आणि गाडी मिसिंग करत असेल तर आधी सीबी पॉइंट आणि कंडेन्सर हे ठिणगी पाडणारे भाग बघा. पेट्रोलवर येणारे निम्मे आळ मुळात त्यांचे असतात.

बाटली ओतायचीच ठरली तर एका वेळी एकच प्रकार, मापाने, आणि पेट्रोल भरायच्या आधी टाकीत, म्हणजे नीट मिसळेल. माझ्या पद्मिनीत आता फक्त गंजरोधक जातं, तेही पावसाळ्यात ती उभी राहते तेव्हा. टाकी काठोकाठ भरतो, संरक्षक असलेलं पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचावं म्हणून दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणतो आणि मगच बॅटरीची तार सोडवतो.