द्राक्षशर्करेची टिकाऊ प्रतिरूपे घडवताना

ग्लुकोजचे ‘द्राक्षशर्करा’ हे मराठी नाव द्राक्षांच्या नाशिकमध्ये वाढलेल्या मला शाळेपासून आवडत असे. मात्र या रेणूची टिकाऊ प्रतिरूपे घडवण्यात आपली उमेदीची वर्षे जातील, असे एम.एस्सी. करताना वाटले नव्हते. आता या विषयाकडे वळू पाहणारे विद्यार्थी विचारणा करतात, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

साखरेचा रेणू दुसऱ्या रेणूशी बहुधा ऑक्सिजनमार्फत जोडलेला असतो आणि तो बंध आम्लामुळे किंवा विकरांमुळे तुटतो. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये मिळवलेल्या फ्लोरिझिन या असाच बंध असलेल्या संयुगामुळे लघवीवाटे साखर बाहेर पडते. परंतु ते तोंडाने घेतल्यास आतड्यातच त्याचे विघटन होते. त्या ऑक्सिजनाच्या जागी थेट कार्बन-कार्बन बंध आला, तेव्हा डापाग्लिफ्लोझिनसारखी दिवसातून एकदा घ्यायची मधुमेहाची गोळी शक्य झाली. या विषयाचे मोल मला याच उदाहरणातून पटले.

कागदावर रीत सोपी दिसते. ग्लुकोनोलॅक्टोनचे (ग्लुकोजच्या ऑक्सिडीकरणातून मिळणाऱ्या वलयी संयुगाचे) हायड्रॉक्सिल गट बेन्झिल गटांनी झाकायचे, उणे ७८ अंश सेल्सिअसला त्यात अरिल लिथियम (ॲरोमॅटिक वलयाला लिथियम जोडलेले संयुग) थेंबथेंब सोडायचे आणि पुढे ट्रायइथाइलसिलेन व बोरॉन ट्रायफ्लोराइड वापरून ॲनोमेरिक, म्हणजे साखरेच्या पहिल्या, कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट काढायचा. माझ्या पहिल्या तिन्ही प्रयत्नांत मात्र लॅक्टोन जसेच्या तसे परत मिळाले. श्रावणातली दमट हवा आणि पाकासारखे चिकट लॅक्टोन. त्यात अडकलेला ओलावा लिथियमचे संयुग आधीच संपवून टाकत होता. कोरडे टोल्युईन घालून ते रोटाव्हॅपवर (कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) तीनदा उडवले, लॅक्टोन रात्रभर व्हॅक्यूमवर ठेवले, तेव्हा चौथ्या खेपेस अभिक्रिया पुढे सरकली. त्यामुळे नव्याने येणाऱ्याने अवघड अभिक्रियांआधी पदार्थ कोरडे करण्याचे काम मन लावून शिकावे, असे माझे ठाम मत आहे.

ॲरोमॅटिक गट नसलेली साखर अतिनील दिव्याखाली दिसत नाही. म्हणून अभिक्रिया कुठवर आली ते पाहण्यासाठी टीएलसीची (पातळ थरावर पदार्थ वेगळे करण्याच्या चाचणीची) प्लेट सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडवून तापवली की काळा ठिपका उमटतो.

अल्फा मिळाले की बीटा, म्हणजे पहिल्या कार्बनवरचा नवा गट कोणत्या दिशेला आहे, हे कधीही गृहीत धरू नये. एनएमआर वर्णपटात (चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनांचे संकेत नोंदवणाऱ्या तपासणीत) बीटा रूपात पहिल्या व दुसऱ्या कार्बनवरील हायड्रोजनांचा कपलिंग स्थिरांक, म्हणजे त्यांच्या परस्परप्रभावाने फुटलेल्या शिखरांमधले अंतर, साधारण ९ ते १० हर्ट्झ असतो, अल्फात तो बराच लहान असतो. बेन्झिलच्या संकेतांच्या गर्दीत तो सापडला नाही, तर थोड्या नमुन्यावरचे बेन्झिल गट काढून त्याचे ॲसिटेट करावे. शेजारच्या हायड्रोजनांचे संकेत डावीकडे सरकतात आणि पहिल्याचे दुहेरी शिखर बहुधा स्वच्छ मोजता येते.