पडका वाडा, बंद गिरणी: आत पाऊल टाकण्याआधी इमारत वाचायला शिका

सोलापुरात जुन्या, ओस पडलेल्या इमारती बघत फिरणाऱ्याला साधारण तीन प्रकारच्या जागा भेटतात: पेठांमधले माळवदाचे (मातीच्या सपाट छताचे) वाडे, बंद पडलेल्या कापडगिरण्यांचे उरलेसुरले भाग आणि कुलूप लागलेल्या यंत्रमागाच्या शेड. जिल्ह्यात आत गेलात की चौथा प्रकार लागतो, पांढऱ्या मातीची गढी. चारही ठिकाणी धोका आहे, पण सगळीकडे सारखा नाही. वाड्यात छत जीव घेतं, शेडमध्ये पत्रा, गिरणीत पायाखालची पोकळी. म्हणून हेल्मेट-बॅटरीची खरेदी नंतर. समोरची इमारत कशी बांधली होती आणि तशी बांधलेली इमारत कुठून सुटते, हे आधी कळलं पाहिजे.

त्याच्याही आधी परवानगी. वाडा पडका दिसला तरी तो बेवारस नसतो. बहुतेक वेळा चार-पाच भावबंदांची नावं उताऱ्यावर असतात, एखादा जुना भाडेकरूही असतो. त्यातल्या एकाचा तरी होकार व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. गिरणीची जागा मालकाकडे, लिक्विडेटरकडे (बंद कंपनीची मालमत्ता निकालात काढणाऱ्याकडे), सरकारकडे किंवा महापालिकेकडे असू शकते. गेटवरचा वॉचमन परवानगी देऊ शकत नाही, चहापाणी दिलं तरी नाही. परवानगीशिवाय शिरलात तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९ लागू शकतं. इमारतीत बेकायदा शिरल्याबद्दल १ वर्षापर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रेल्वेच्या हद्दीतल्या पडक्या क्वार्टरना आणि गोदामांना रेल्वे कायद्याचं कलम १४७ वेगळं आहे. भुईकोट किल्ला संरक्षित स्मारक आहे, तिथे रीतसर तिकीट काढून जायचं आणि बंद केलेल्या भागात शिरायचं नाही. ज्या इमारतीवर महापालिकेने ‘धोकादायक’ म्हणून फलक किंवा नोटीस लावली आहे, तिथे मालकाने होकार दिला तरी जाऊ नका.

परवानगी मिळाली की गल्लीतल्या जुन्या माणसांशी बोला. पूर्व भागात तेलुगू, बाळीवेशीकडे कन्नड कानावर पडेल, पण मराठी सगळ्यांना येते. “काका, वाड्यात आड कुठं होता? पेव होतं का?” हे दोन प्रश्न विचाराच. आड म्हणजे विहीर, पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. गिरणीतून निवृत्त झालेला कामगार भेटला तर नशीब समजा. सायझिंग खातं (सुताला खळ लावायचं) कुठे होतं, जमिनीखालून हवेचा बोगदा कुठून जात होता, हौद किती खोल होता, हे त्याच्याइतकं नकाशाही सांगत नाही.

आता वाडा. माळवदाची रचना नीट समजून घ्या. खांबांवर तुळई, तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर किलचा (लाकडाच्या बारीक पट्ट्या) किंवा फळ्या, त्यावर पाला-पाचट आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. हा थर सहज एक फुटाचा असतो, कारण दर वर्षी पावसाळ्याआधी त्यावर नवी माती टाकायची पद्धत होती. हिशोब करून बघा. एक फूट कोरडी माती म्हणजे दर चौरस मीटरला अंदाजे ५०० किलो. बारा बाय दहाच्या खोलीवर साडेपाच टन. माती भिजली की त्यात आणखी टनभर पाण्याची भर. हे सगळं वजन कड्यांच्या टोकांवर येतं, आणि ती टोकं भिंतीत गाडलेली असल्याने दिसत नाहीत. ओल तिथेच मुरते, वाळवीही तिथूनच लागते. मधली कडी सागवानी, ठणठणीत आणि काळीभोर दिसते, पण भिंतीतला वीतभर भाग भुसा झालेला असतो. छत शाबूत दिसतं म्हणून आत जाऊ नका. कडी जिथे भिंतीत शिरते तिथे बॅटरी मारा. काळपट-पांढरट ओघळ, मातीच्या बारीक नळ्या किंवा कडी आणि भिंत यांच्यात बोटभर फट दिसली, तर ती खोली सोडून द्यायची.

खांब तपासायचा तर जमिनीलगत तपासा. लांब स्क्रू ड्रायव्हर हाताने दाबा, ठोकू नका. सेंटिमीटरभर सहज आत गेला तर लाकूड पोकळ आहे. आणि माळवदावर चढणं कायमचं वर्ज्य. कडेकडेने चाललं की चालतं, हा सल्ला इतरत्र लाकडी पाटणीसाठी देतात. माळवदात कडेचीच टोकं कुजलेली असतात, त्यामुळे इथे तो उलटा पडतो.

भिंतीचं शास्त्र वेगळं. जुनी भिंत दोन पदरी असते. बाहेर घडीव काळा दगड, आत ओबडधोबड दगड, मधे माती आणि चिपा. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड पुरेसे नसले की पाणी मधे शिरतं, माती फुगते आणि बाहेरचा पदर सुटतो. त्यालाच भिंतीला पोट येणं म्हणतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात इतकी माणसं गेली, त्यामागे दगड-मातीच्या अशाच भिंती आणि त्यांच्यावरचं जड माळवद हे मोठं कारण होतं. पोट ओळखायचं असेल तर बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून तिरका प्रकाश टाका. सपाट भिंतीवर उजेड सरळ पसरतो, पोट आलेल्या जागेमागे सावली पडते. अशा भिंतीपासून तिच्या उंचीच्या दीडपट लांब राहा. घरातूनही आणि गल्लीतूनही.

भेगाही वाचता येतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग बहुधा पाया खचल्याची. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे ही भेग दर वर्षी थोडी थोडी हलते. कोपऱ्यातली उभी भेग म्हणजे दोन भिंतींची साथ सुटलेली. छताखालची आडवी भेग सगळ्यात वाईट, कारण छत भिंतीला बाहेर ढकलतंय. भेगेत जाळी, धूळ, कोळ्याची अंडी असतील तर ती जुनी. कडा स्वच्छ, आतला रंग फिकट आणि खाली ताजा चुरा असेल तर ती चालू आहे. चालू भेग दिसली की त्या दिवसाचा बेत तिथेच संपला.

आड आणि पेव हे वाड्यातले छुपे धोके. ज्वारी साठवायला जमिनीत खणलेलं पेव दीड-दोन पुरुष खोल असतं. तोंडावर शहाबादी फरशी आणि वर माती. फरशी तडकलेली असली तरी वरून साधी जमीन दिसते. पाच फुटी काठी घेऊन पुढची जमीन ठोकत चला. भरीव जमिनीचा आवाज बसका येतो, पोकळीवर तो घुमतो. पेवात, आडात, तळघरात उतरायचंच नाही. बंद जागेत कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो आणि प्राणवायू कमी होतो. हवेत तो २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली जागा धोक्याची. कंदील खाली सोडून बघण्याची जुनी युक्ती पुरेशी नाही, कारण ज्योत नीट जळत असतानाही विषारी वायू असू शकतो. सडक्या पाण्यातला हायड्रोजन सल्फाइड तर जास्त प्रमाणात नाकाची जाणीवच मारतो, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं हवा सुधारली. आत कोणी कोसळला तर दुसऱ्याने मागे उडी मारायची नाही. १०१ ला फोन करा. अशा अपघातात वाचवायला गेलेलाही जातो, हे पुन्हा पुन्हा घडतं.

गिरण्यांबद्दल. सोलापूरच्या बऱ्याच गिरण्यांची जागा आता वसाहतींनी घेतली आहे. जे उरलंय त्यातून भंगारवाल्यांनी लोखंड काढून नेलेलं असतं, आणि खरा धोका तिथून सुरू होतो. जुन्या मजल्यांत लोखंडी गर्डरच्या मधे विटांच्या उथळ कमानी असतात. कमान गर्डरला बाजूला ढकलते आणि तो ढकल लोखंडी ताणगज रोखून धरतो. गज कापून नेला की एक कमान बसते, तिच्या मागोमाग शेजारची, आणि अख्खा पट्टा खाली येतो. छताकडे बघताना गर्डरमधली रिकामी भोकं, गॅसकटरने कापल्याच्या खुणा, कैचीतले (छताच्या त्रिकोणी सांगाड्यातले) गायब झालेले अँगल शोधा. दिसले तर त्या छताखाली उभं राहू नका, वरच्या मजल्यावर तर मुळीच जाऊ नका.

खाली बघायचं ते गटारांच्या आणि चरांच्या झाकणांसाठी. सूतकताई खात्यात दमट हवा खेळवायला जमिनीखाली बोगदे असतात. झाकणं आणि जाळ्या चोरीला गेल्यावर वर गाजरगवत माजतं आणि खड्डा दिसत नाही. बॉयलरपासून चिमणीकडे जाणारा धुराचा बोगदाही असाच. चिमणीच्या बुंध्यापाशी रेंगाळू नका, वरची एक सैल वीट पुरते. रंगखात्याच्या हौदांत उरलेला कॉस्टिक सोडा कोरडा होऊन पांढऱ्या खपल्यांसारखा दिसतो. घामाच्या हाताला लागला तरी भाजतो. जुन्या ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरमधून गळालेल्या तेलात पीसीबी नावाचं विषारी रसायन असू शकतं, त्यात पाय घालू नका. तारा मेलेल्या आहेत असं धरून चालू नका, कारण शेजाऱ्यांनी आकडे टाकलेले असतात. कोपऱ्यांत साचलेला कापसाचा तूस ठिणगीने भडकतो, म्हणून सिगारेट, उदबत्ती, फोटोसाठी धूर, काहीही नको.

यंत्रमागाच्या शेडचा नियम एका ओळीत मावतो: सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नये. नवा पत्रासुद्धा माणसाचं वजन पेलायला बनवलेला नसतो. खिळ्यांच्या रेषेवरून चालणारेही पडतात. जुन्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो, म्हणून फुटलेले तुकडे तोडू, झाडू, लाथाडू नका.

साहित्य फार लागत नाही. आयएस (भारतीय मानक) २९२५ चं हेल्मेट, हनुवटीचा पट्टा लावून. तळात पोलादी पत्रा असलेले आयएस १५२९८ चे सेफ्टी शूज, कारण वेड्या बाभळीचा काटा आणि गंजका खिळा साध्या बुटातून सरळ वर येतो. पारव्यांच्या आणि वटवाघळांच्या विष्ठेच्या धुळीसाठी नीट बसणारा एन-९५ मास्क. रुमाल बांधून काही उपयोग नाही. डोक्याची बॅटरी आणि हातातली दुसरी, चामडी हातमोजे, शिट्टी, माणशी ३ लिटर पाणी, ओआरएस. धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच घेतलेलं असावं.

माणसं किमान तीन. दोघं आत, एक बाहेर, त्याच्याकडे पत्ता आणि वेळ. ठरवलेल्या वेळेला फोन आला नाही तर १५ मिनिटांनी त्याने फोन लावायचा, आणखी १५ मिनिटांत ११२. जाड भिंतीत रेंज जाते, म्हणून शिट्टीची खूण ठरवा: एक म्हणजे ठीक, तीन म्हणजे मदत.

हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. सोलापुरात सप्टेंबरला पावसाचा जोर असतो आणि भिजलेली माळवदं, भिंती पाऊस थांबल्यावरही बरेच दिवस पडत राहतात, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरलाही वाडे टाळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. तेव्हा उष्माघाताचाच धोका मोठा.

साप, विंचू, मधमाश्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आहेत. हात घालण्याआधी उजेड घाला. मण्यारीचा दंश दुखत नाही, खूणही धड दिसत नाही, नंतर पोट दुखतं आणि पापण्या जड होतात. संशय आला तरी पुरे. अंगठ्या-कडी काढा, दंशाचा भाग हलवू नका, आवळून बांधू नका, कापू-चोखू नका. १०८ बोलवा किंवा सरळ सिव्हिल गाठा. लाल विंचवाचा डंख हृदयावर जाऊ शकतो. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला त्यावर प्राझोसिनचा उपचार रुजवला. तो डॉक्टरच्याच हातून व्हायला हवा, म्हणून मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका. आग्या मोहोळ उंच छज्जांना आणि टाक्यांना लटकतं. अत्तर, धूर, आरडाओरड टाळा. माश्या उठल्याच तर तोंड झाकून सरळ रेषेत पळा आणि गाडीत बसून काचा लावा.

आत असताना छतातून मातीची बारीक धार सुटली, लाकूड कडकडलं किंवा आल्या वाटेवर मघाशी नसलेली माती दिसली, तर कॅमेरा न आवरता आल्या वाटेने बाहेर. नवी वाट शोधू नका.

घरी आल्यावर कपडे झटकू नका, पाण्यात बुडवून मग धुवा. बूट दाराबाहेर ठेवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप किंवा कोरडा खोकला आला तर डॉक्टरला कुठे गेला होता ते सांगा, नाहीतर निदान भलतीकडेच जातं. आणि वाड्याचे फोटो टाकताना लोकेशन बंद ठेवा. नक्षीच्या तुळया आणि चौकटी विकणारे असे फोटो शोधत असतात, आणि चौकट काढली की वरची भिंत फार दिवस राहत नाही.